आमचं स्थलांतर, त्यांची डिग्री

दोस्तांनो, स्थलांतराची डिग्री मिळते. खरंच मिळते. ऑक्सफर्डला नऊ महिन्यांत एमएस्सी होते, विषय स्थलांतर. माणसं गाव का सोडतात, सरहद्द कशी ओलांडतात, दुसऱ्या देशात त्यांना कोण घेतं आणि कोण हाकलतं, घरी पैसे किती पाठवतात, मागं राहिलेल्या बायकापोरांचं काय होतं, हे सगळं तिथं शिकवतात, परीक्षा घेतात, झगा घालून कागद देतात. तेवढं लांब कशाला? आपल्या मुंबईत देवनारला १९५६ साली सुरू झालेली लोकसंख्येच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिथंही स्थलांतर हा शिकायचा विषय आहे. त्याच देवनारला कचऱ्याचा डोंगर आहे. डोंगराच्या पायथ्याला जी वस्ती आहे ती सगळी कुठून ना कुठून आलेली. विषय पायथ्याशी राहतो आणि अभ्यास कंपाउंडच्या आत चालतो.

मी हर्णेचा. मुंबईच्या गोदीत ठेक्यावर माल चढवतो-उतरवतो. दहावी पास, म्हणजे आमच्या आज्याच्या भाषेत मॅट्रिक. मॅट्रिकवाल्यानं एमेच्या विषयात तोंड का घालावं असं कुणाला वाटत असेल तर त्याला एवढंच सांगतो की त्या एमेचा विषय मी आहे, माझा बाप आहे, माझी वाडी आहे. आमच्यावर प्रबंध होतो, आम्हाला तो वाचायला मिळत नाही.

म्हणून म्हणतो, ह्या कंपाउंडच्या आत आपली पोरंपोरी गेली पाहिजेत. देवनारला गेली पाहिजेत, ऑक्सफर्डला गेली पाहिजेत, न्यूयॉर्कला गेली पाहिजेत. आणि २०२२ साली एका सरकारी कागदानं हा दरवाजा आपल्यासाठी लावून घेतलाय, त्याच्यावर आपण पेटलं पाहिजे. त्या कागदाकडं येतो. आधी विषय काय आहे तो बघू, आमच्याच बंदरावर उभं राहून.

हर्णे दापोली तालुक्यात. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. टुरिस्ट लोक किल्ल्याचा फोटो काढतात, लिलावातली सुरमई घेतात आणि गाडी फिरवतात. ह्या बंदरानं मासळीसारखी माणसंही मुंबईला पाठवली. आगबोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं होडीतून जाऊन तिच्यावर चढायची, मुंबईला उतरायची आणि गिरणीत, गोदीत, म्युनिसिपालटीत शिरायची. त्यांना नाव पडलं चाकरमानी. पुढं आगबोट बंद झाली, एसटी आली. १९७३ नंतर तेलाचा भाव चढला तसं आखात उघडलं आणि दापोली-खेडच्या मोहल्ल्यांतली मुसलमान माणसं कुवेत, सौदी, दुबईला गेली. आज ह्या पट्ट्यात असं घर शोधावं लागेल ज्यातला एकही माणूस बाहेर नाही.

शिरगणतीचे आकडे बघा. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार ७७७ माणसं. २०११ साली १६ लाख १५ हजार ६९. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणसं कमी. दुष्काळ नाही, लढाई नाही, साथ नाही. आणि हजार पुरुषांमागं बाया १,१२२. एखादा शहाणा हा आकडा बघून म्हणेल, बघा कोकणात मुलीला किती मान. मान कसला घेऊन बसलात, पुरुष घरात नाहीत. आकडा खरा असतो, त्याचा अर्थ लावणारा कुठला आहे त्यावर सगळं ठरतं.

त्यातही आमच्या लोकांचं जाणं वेगळं होतं. इंग्रजांच्या पलटणीत महार भरती झाले, देशोदेशी फिरले. दापोलीला पलटणीच्या पेन्शनरांचा कँप होता. गोपाळबाबा वलंगकर पेन्शन घेऊन तिथं राहिले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचं सकपाळ घराणं पलटणीतून मध्य हिंदुस्थानात महूला पोचलं, म्हणून बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महूला झाला. म्हणजे आपला सगळ्यात मोठा माणूससुद्धा स्थलांतरिताचा पोरगा. गाव सोडलं नसतं तर गावकीच्या कामातून सुटका नव्हती.

आता ह्या विषयाची पुस्तकं काय म्हणतात ते बघू. रॅव्हेन्स्टाइन नावाच्या माणसानं १८८५ साली लंडनला स्थलांतराचे नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात, टप्प्याटप्प्यानं जातात, एक लाट गेली की उलटी लाट येते, आणि जास्त करून चार पैसे मिळावेत म्हणून जातात. पुढं १९६६ साली एव्हरेट ली ह्यानं मांडणी केली की गावाकडं काही गोष्टी माणसाला ढकलतात, शहराकडच्या काही ओढतात आणि मधे काही अडथळे असतात. चूक नाही. हर्णेची आगबोट ह्या मांडणीत बसते.

पण जात कुठल्या खान्यात बसवायची ते सांगा. गावकीचा जाच, पाणवठ्याची बंदी, मेलेलं जनावर ओढायची सक्ती, ही ढकलणारी. बरोबर. पण मुंबईत उतरल्यावर पहिल्या रात्री पाठ टेकायला खोली मिळते ती वाडीतल्या माणसाची, म्हणजे जातीची. मग जात ओढणारीही झाली. आणि गिरणीच्या दारात पोचल्यावर विणायच्या खात्यात महाराला घेत नव्हते, कारण धोट्यातला तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा आणि महाराची थुंकी त्याला लागली असती. पगार त्या खात्यात चांगला. म्हणजे जात अडथळाही झाली. गावात तीच, वाटेत तीच, शहरात तीच. लीच्या मांडणीतले तिन्ही खाने ती एकटी भरते. ज्याच्या पाठीवर ती बसली नाही त्याला हे सुचणार नाही. तो 'रोजगारासाठी स्थलांतर' असं लिहील आणि पान उलटेल.

रोजगारासाठी तर आम्ही गेलोच. पण नुसते त्यासाठी नाही. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाली तेव्हा ठराव झाला की अस्पृश्यांच्या हिंदूंपासून वेगळ्या वसाहती व्हाव्यात. म्हणजे गाव सोडणं हा आपल्याकडं राजकीय कार्यक्रम होता. पोटाची मारामारी सगळ्यांनाच असते. आपल्याला पोटाबरोबर नावापासूनही पळायचं होतं. वरच्या जातींना समुद्र ओलांडायची भीती, परत आलं की प्रायश्चित्त घ्यायचं, नाहीतर जातीबाहेर. आमच्याकडं बाटायला काय शिल्लक होतं?

मॉरिशसचं घ्या. १८३४ पासून हिंदुस्थानातले मजूर तिथं ऊस तोडायला नेले, एकूण साडेचार लाखांवर. करारावर अंगठा म्हणून गिरमिट. मुंबई बंदरातून जे गेले त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसं पुष्कळ होती. आजही तिथं त्यांची वंशावळ मराठी म्हणून ओळखली जाते. पोर्ट लुईला ते ज्या धक्क्यावर उतरले तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसा झाला. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरं ठेवलेली आहेत. नंबर, नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव आणि जात. गोऱ्या मालकाच्या कारकुनाला जात लिहून घ्यावीशी वाटली, कारण मजूर निवडायचा होता. आता आपल्याकडं २००३ पासून ९ जानेवारीला प्रवासी भारतीय दिवस सुरू झाला, गांधी १९१५ साली त्या तारखेला आफ्रिकेतून परतले म्हणून. तिथल्या भाषणांत सगळे नुसते 'भारतीय'. डॉक्टर भारतीय, इंजिनिअर भारतीय. कारकुनानं जात लिहिली ती त्याच्या सोयीसाठी, भाषणवाल्यांनी पुसली ती त्यांच्या सोयीसाठी. दोन्ही वेळा पेन आमच्या हातात नव्हतं.

आता उलटी लाट. आजच्या हर्णे बंदरावर या. बोटीवर खलाशी कोण? पुष्कळसे नेपाळी. इथली पोरं मुंबईला गेली, जाळं ओढायला माणूस उरला नाही, म्हणून नेपाळचे डोंगर उतरून माणसं समुद्रावर आली. १९५० च्या करारामुळं त्यांना पासपोर्ट-व्हिसा लागत नाही. १ जूनला मासेमारी बंद झाली की घरी जातात, ऑगस्टला परत येतात. हे आंतरराष्ट्रीय स्थलांतर आहे राव, आमच्या वाळूत. रॅव्हेन्स्टाइनची उलटी लाट बघायला लंडनला जायला नको.

गावात त्यांना नाव एकच, बहादूर. मालकाला बहादूर, दुकानदाराला बहादूर. त्यातल्या एकाशी माझी गट्टी आहे. तांडेलाला त्यानं आडनाव थापा सांगितलंय. एक दिवस माझ्या घरात भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो बघून त्यानं विचारलं हे कोण. मी सांगितलं. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, मी थापा नाही, बी. के. आहे. बी. के. म्हणजे विश्वकर्मा, तिकडचे लोहारकाम करणारे कामी. नेपाळात १८५४ च्या मुलुकी ऐनात त्यांना अस्पृश्य म्हणून लिहिलं होतं, १९६३ च्या नव्या ऐनानं ते काढलं. कायद्यानं काढलं, पाणवठ्यावरून निघालं नाही. हजार मैलांवर येऊन मासळी उपसतो आणि इथंही आडनाव झाकतो. मी मुंबईत खोली भाड्यानं बघायला जातो तेव्हा मीही आडनाव पुटपुटतो. म्हणून मला त्याचं गप्प बसणं कळलं.

आता इथं एखादा अभ्यासक फॉर्म घेऊन आला असता तर काय लिहिलं असतं? देश नेपाळ, वय २४, शिक्षण सहावी, मजुरी अमुक. थापा. झालं. पुढं त्या फॉर्मांची बेरीज, बेरजेचा तक्ता, तक्त्याची डिग्री. खोटं कुणीच लिहिलं नाही आणि खरं कागदावर आलं नाही. आपलं माणूस त्या खुर्चीत पाहिजे म्हणतो ते ह्यासाठी. हुशारी आपल्यात जास्त आहे असं नाही. कुठला प्रश्न कुठल्या फोटोसमोर विचारायचा हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट, मागं राहिलेल्यांची. ह्या शास्त्रात तो वेगळा धडाच आहे, नवरा परदेशी आणि बायको गावी. त्या धड्याला मी एकच नाव देईन. दापोलीजवळच्या वणंद गावची रमाई. बाप दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहायचा, म्हणजे माझ्याच धंद्यातला. आईबाप गेल्यावर ती मुंबईला आली, १९०६ साली भायखळ्याच्या बाजारात रात्री लग्न झालं. १९१३ ते १९१७ नवरा अमेरिकेत आणि लंडनमध्ये, ती परळच्या दिशेनं पसरलेल्या त्या मजुरांच्या मुंबईत उपासमार काढत. पाच मुलं झाली, त्यातला एक यशवंत जगला. १९३५ साली ती गेली. बाबासाहेबांच्या डिग्र्या आपण मोजतो. त्या डिग्र्यांचा खर्च कुणी मोजला? घरी येणारा पैसा हे लोक रुपयात मोजतात. घरातून गेलेलं काय, ह्याचा तक्ता आपल्या एखाद्या पोरीनं मांडावा. १,१२२ च्या आकड्यात आमच्या आया आहेत.

तिसरी गोष्ट पासपोर्टची. १९८३ च्या कायद्यानं, दहावी पास नसलेला माणूस आखातातल्या किंवा तसल्या ठरवून दिलेल्या देशात कामाला जाणार असेल तर त्याला सरकारी परवानगी लागते. पासपोर्टवर तशी नोंद असते. दहावी पास असेल तर लागत नाही. माझा कागद चालतो, माझ्या चुलतभावाचा नाही, तो नववीला गळाला. एका एजंटनं हीच अडचण दाखवून त्याच्याकडून पैसे घेतले आणि फोन बंद केला. कायदा म्हणतो हे मजुराच्या संरक्षणासाठी. असेल. पण दहावीच्या आधी शाळेतून कोण गळतं? ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात लावणीला जाते त्याचं पोर गळतं. जानेवारी २०१८ मध्ये तर सरकारनं जाहीर केलं की अशा लोकांना नारिंगी रंगाचा पासपोर्ट देणार, बाकीच्यांना निळा. ओरड झाली, त्याच महिन्यात माघार घेतली. पण मनात आलं ना! विमानतळावर लांबूनच कळावं हा कुठला. गळ्यात मडकं बांधायच्या काळातली ही अक्कल आहे. त्यावर एक चांगला प्रबंध आपल्या माणसाचा पाहिजे.

आता त्या कागदाकडं येतो.

१९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि भीमराव आंबेडकर मुंबईहून बोटीनं निघून न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोचले. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर ह्यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी निबंध वाचला. विषय, हिंदुस्थानातल्या जाती, त्यांची उत्पत्ती आणि वाढ. वय २५. त्याच निबंधात त्यांनी श्रीधर व्यंकटेश केतकरांचा हवाला दिला. केतकरही अमेरिकेत शिकून जातीवर ग्रंथ लिहिलेले. हवाला काय, तर हिंदू जगभर जाऊन राहिले तर जात हा जगाचा प्रश्न होईल. १९१६ सालची ही गोष्ट. ह्यापेक्षा मोठं स्थलांतरशास्त्र कुठलं?

फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल शहरानं जातिभेद बेकायदा ठरवला. तिथलं असं पहिलंच शहर. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरनं तो परत धाडला, म्हणाला आहेत त्या कायद्यांत हे बसतं. शंभर वर्षांनी निबंध खरा झाला. तिथं उभं राहून साक्ष देणाऱ्यांत शिकायला नि नोकरीला गेलेली आपली पोरंपोरी होती.

आणि आपलं सरकार? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिकायला पाठवणारी राष्ट्रीय शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. सगळ्या देशात मिळून १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींना. २०२२ साली तिच्या नियमात एक कलम घातलं. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास ह्या विषयांना पैसे नाहीत. कारण दिलं की ह्या विषयांचं ज्ञान इथंच भरपूर आहे, बाहेर जायची गरज नाही.

अर्थ नीट समजून घ्या. मेक्सिकोच्या मजुरांवर अभ्यास करा, पैसे घ्या. सीरियाच्या निर्वासितांवर करा, पैसे घ्या. रत्नागिरीहून कुवेतला गेलेल्यांवर, मॉरिशसच्या रजिस्टरातल्या आमच्या पणज्यांवर, सिएटलच्या कंपनीत आडनाव विचारणाऱ्या साहेबावर करायचं म्हटलं की भारतावरचा सामाजिक अभ्यास झाला, फाइल बंद. १९१६ चा तो निबंध आज लिहायचा असता तर ह्या कलमानं त्याला पैसे मिळाले नसते. बाबासाहेबांच्या नावानं मतं मागायची आणि त्यांनी जे केलं तेच आपल्या पोरांना करू द्यायचं नाही. बापाच्या पैशावर जाणाऱ्याला हे कलम लागू नाही. तो खुशाल जाईल, आपल्यावरच प्रबंध लिहील आणि आपला तज्ज्ञ म्हणून परत येईल. कलम फक्त आपल्याला आहे. जुलै २०२५ मध्ये तर निवडलेल्या १०६ जणांपैकी आधी ४० जणांनाच पत्रं गेली, बाकीच्यांना सांगितलं पैसे आले की बघू. विमानाच्या तारखा विद्यापीठ ठरवतं, खात्यातले पैसे खातं ठरवतं. मधे पोरगं लटकलं.

चळवळीतले काही जुने मित्र म्हणतील, बाहेर गेलेली पोरं साहेब होतात, परत येत नाहीत, कशाला ही उठाठेव? मला हे पटत नाही. गाव सोडा म्हणून आपल्या बापजाद्यांना सांगितलं तेव्हा कुणी परत या म्हणून अट घातली नव्हती. माणसाला जिथं माणूस म्हणून राहता येतं तिथं त्यानं राहावं. परत नाही आलास तरी चालेल. पण लिही. वाडीचं ऋण पैशानं फेडू नकोस, लिहून फेड. आणि जे लिहिशील ते मराठीतही लिही, गोदीतल्या माणसाला वाचता येईल असं.

मागण्या साध्या आहेत. एक, २०२२ चं ते कलम काढा. दोन, निवड झाली त्या दिवशी पैशाची हमी द्या. ह्या दोन गोष्टींसाठी मोर्चा निघाला तर मी एक दिवसाचा खाडा करून येईन, आणि ठेक्यावरच्या माणसाचा खाडा म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

आणि तिसरी मागणी सरकारकडं नाही, आपल्याकडंच. केरळनं १९९८ पासून दर काही वर्षांनी निवडक घरांत जाऊन पाहणी केलीय, कोण कुठं गेलं, किती पाठवतं, कोण परत आलं. सगळ्या राज्याचं. आपण निदान आपल्या वाड्यांचं करू. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात. शंभर पानी वही घ्या. घर, माणूस, कधी गेला, कुणाच्या ओळखीनं गेला, पहिली खोली कुणी दिली, काय काम, आडनाव कुठं झाकावं लागलं, मागं कोण राहिलं. बायकांना वेगळं विचारा, पोरींनी विचारा. हर्णे, दाभोळ, वणंद, आंबडवे. मी हर्णेचं घेतो. डिग्रीला जाणारं पोरगं मोकळ्या हातानं जायला नको, ही वही घेऊन जाऊ दे. तिथल्या मास्तरानं विचारलं तुझा विषय काय, तर त्यानं टेबलावर ठेवावी.

जय भीम.